माझा कागद किती खाली आहे?

कुळगाव, बदलापूर
२ डिसेंबर १९५१

प्रिय कुमुदिनी,

तुझे पत्र माझ्या पिशवीत इतके दिवस राहिले, की त्याच्या घड्या विरू लागल्या आहेत. उत्तर लिहिले नाही, त्यात आळस नव्हता. सगळे सविस्तर कळवावे म्हणून थांबले आणि सविस्तर लिहिण्याइतकी सवड मिळाली नाही.

आईचे दुखणे आता उताराला लागले आहे. तिच्यापायी माझे कॉलेजचे वर्ष गेले, याची खंत ती माझ्याहून अधिक करते. येत्या जूनमध्ये मला पुण्याला पाठवायचे, असे अप्पांनी तिच्यासमोर कबूल केले आहे. तोवर घरी काय करायचे, म्हणून मी उल्हासनगरला, कॅम्प पाचमध्ये, एका समितीच्या कचेरीत काम धरले आहे. ‘भगिनी साहाय्य समिती’ असे तिचे नाव. सिंध सोडून आलेल्या ज्या बायकांना आधार नाही, त्यांना समिती शिवणयंत्रे देते. त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि बहुतेक अर्ज सिंधी लिपीत येतात.

आता तुला कळले असेल की मला तिथे का घेतले. आपण दहावीत असताना टहिलराम मास्तर आमच्या शेजारी भाड्याने राहत होते, आठवते? शाळेच्या कपाटातली पुस्तके वाचून संपली, म्हणून मी त्यांच्याकडून सिंधी भाषा आणि लिपी शिकून घेतली. तू तेव्हा हसली होतीस. तीच लिपी आज उपयोगी पडली. कॅम्पात राहणाऱ्या कोणी अर्ज हाताळू नयेत, असा समितीचा नियम आहे. तसे झाले तर जो तो आपल्या नात्यातल्यांना पुढे करील, असे चिटणीस अण्णासाहेबांचे म्हणणे. बाहेरच्या माणसांत सिंधी वाचणारे दुसरे कोणी नाही. त्यामुळे मी अर्ज वाचते, त्याचा गोषवारा मराठीत लिहिते आणि मग तो पुढच्या टेबलावर जातो.

पहिल्याच दिवशी अण्णासाहेब सर्वांना म्हणाले, “या मुलीवाचून आपली कचेरी मुकी होती.” मी खाली मान घालून बसले होते. पण ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते, हे तुझ्यापासून कशाला लपवू?

तुझी,
वृंदा

*

पुणे
१६ डिसेंबर १९५१

प्रिय वृंदा,

तुझे मोत्यासारखे बारीक अक्षर पाहिले आणि वर्गात तुझी वही मागून घेत असे, ते दिवस आठवले. तेव्हा साऱ्या वर्गाचा गृहपाठ तुझ्या एका वहीवर चालायचा. वही परत मिळेपर्यंत तू स्वतः अभ्यासाला खोळंबून बसायचीस. पण मागितलीस कधी नाही.

माझ्या खोलीतली दुसरी खाट सध्या एका पाहुण्या मुलीकडे आहे. ती उन्हाळ्यात जाईल. रेक्टरबाईंना मी सांगून ठेवले आहे, की जूनपासून इथे वृंदा येणार. खिडकी तुझ्या बाजूला आहे आणि खिडकीबाहेर एक बुचाचे झाड आहे. भांडण नको, म्हणून आताच सांगते की खिडकी मी तुलाच दिली.

एक विचारू? तू अर्ज वाचतेस, तोवर पुढच्या टेबलावरची माणसे काय करतात?

तुझी,
कुमुदिनी

*

कुळगाव
२० जानेवारी १९५२

प्रिय कुमुदिनी,

तू एका ओळीत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर लिहायला मला महिना लागला.

पुढच्या टेबलावर कमळाकर बसतात. ते वर्तमानपत्रातली शब्दकोडी सोडवतात. त्यांच्या पलीकडे बकुळाबाई. त्या वयाने आपल्या आयांएवढ्या आहेत. भाच्यासाठी स्वेटर विणतात. माझ्या हातून गोषवारा गेला, की कमळाकर तो नोंदवून घेतात आणि बकुळाबाई त्या बाईच्या घरी जाऊन चौकशी करतात. दोघेही कामाला वाईट नाहीत. त्यांच्यापर्यंत काम पोचतच नाही. कमळाकर मला हाक मारतात, “वृंदाताई, नदीला थोडं पाणी सोडा, आमची शेतं वाळली.” सगळे हसतात, मीही हसते आणि डोके पुन्हा कागदात घालते.

अर्जही दररोज थोडे थोडे येत नाहीत. ते फक्त गुरुवारी घेतले जातात. त्यातही सिंधी लोकांत अमावास्येनंतर चंद्राची कोर दिसली की त्या दिवसाला चंड म्हणतात आणि नवे काम त्याच सुमारास सुरू करणे शुभ मानतात. त्यामुळे चंडनंतरच्या गुरुवारी व्हरांडा बायकांनी भरून जातो, आणि अमावास्येच्या आसपास एखादीच फिरकते. आमचा शिपाई कोंडाजी खरवईचा आहे. गठ्ठा माझ्यापुढे ठेवताना तो दर खेपेला म्हणतो, “ताई, यो आता कुठं ठेऊ? टेबल तर दिसंना.” मग तो नवा गठ्ठा जुन्यावर ठेवतो. खालचे आधी काढायचे तर सगळा ढीग उतरवावा लागतो. ते मी रविवारी घरी करते. अण्णासाहेबांनी अर्ज घरी नेण्याची परवानगी दिली आहे, आणि परवानगी दिल्याबद्दल मी त्यांचे आभारही मानले.

दिवाळीनंतर एका लॉरीतून शिवणयंत्रे आली, ती कचेरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली पडून आहेत. व्हरांड्यात बायका आणि शेडमध्ये यंत्रे. मध्ये फक्त माझे टेबल आहे.

देवीबाई नावाच्या एक आहेत. शिकारपूरकडच्या. तिथे त्यांच्या घरी शिवणाचे दुकान होते. त्या दर गुरुवारी येतात, माझ्या टेबलाशी उभ्या राहतात आणि विचारतात, “बेटी, मेरा कागज कितना नीचे है?” मी बोटाने ढिगाऱ्यात अंदाजे जागा दाखवते. “अच्छा,” म्हणून त्या जातात. कधी रागावत नाहीत. एकदा त्यांनी पदराखालून भाजलेला पापड काढून दिला. मी तो घेतला नाही, कारण मग त्यांचा अर्ज आधी काढावासा वाटला असता. त्यांनी तो कोंडाजीला दिला.

त्यांच्याशी काही बोलावे, असे फार वाटते. पण समोर माणूस उभे राहिले की मला बोलता येत नाही, तुला ठाऊकच आहे. कागद बरा, तो उत्तराची वाट पाहत तोंडाकडे बघत राहत नाही.

वृंदा

*

पुणे
३ फेब्रुवारी १९५२

प्रिय वृंदा,

परवा बाबा कामानिमित्त पुण्याला आले होते. त्यांना तुझे पत्र वाचून दाखवले. रागावू नकोस. ते अंबरनाथच्या आगपेट्यांच्या कारखान्यात देखरेखीवर आहेत, त्यामुळे ‘ढीग’ हा शब्द ऐकला की त्यांचे कान उभे राहतात.

त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत लिहिते. “आमच्याकडे काड्यांना गूल लावणारं यंत्र झपाट्यानं चालायचं. पुढं पेट्या भरणाऱ्या बायका. यंत्र सकाळी उशिरा तापायचं, तोवर बायका हात बांधून बसायच्या. दुपारी एकदम काड्यांची ताटं येऊन पडायची, मग त्यांना मान वर करायला फुरसत नाही. उरलेली ताटं रात्रभर बोळात. दमट हवेनं गूल फुगायचं, सकाळी अर्ध्या काड्या टाकायच्या. साहेब म्हणाले, बायका वाढवा. मी म्हटलं, यंत्र हळू चालवा. सगळे मला हसले. पण हळू चालवलं, आणि पेट्या जास्त बाहेर पडल्या, कारण फेकायला काही उरलं नाही.”

मग ते म्हणाले, “तुझ्या मैत्रिणीला विचार, तिच्याकडे टाकून द्यावं लागतं ते काय?”

मी म्हटले, “तिच्याकडे कागद आहेत, बाबा. कागद कुठे फुगतात?”



वृंदा, अण्णासाहेबांना सांग, की एकटीने हे होणार नाही. आणखी एक. तुझ्या या पत्रातले अक्षर मागच्या पत्राहून मोठे आहे. शेवटच्या पानावर तर ओळी वर चढत गेल्या आहेत. घाईने असे झाले का?

तुझी,
कुमुदिनी

*

कुळगाव
१७ फेब्रुवारी १९५२

प्रिय कुमुदिनी,

अक्षराचे कारण बोरू. नवा आणला आहे, तो जाड आहे.

तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांचे म्हणणे कारखान्याला लागू असेल. माझ्यापुढे काड्या नसून बायकांची दुःखे आहेत. ती सावकाश वाचा, असे मी कोणाला सांगू? आणि एकटीने होणार नाही, असे म्हणायचे तर दुसरे कोण आहे, ते आधी सांगावे लागेल. दुसरे कोणी नाही. मी नाही म्हटले, तर त्यांचे कागद कोण वाचणार?

मागच्या गुरुवारी गर्दी फार होती. मला आता झोप आली आहे.

वृंदा

*

पुणे
३० मार्च १९५२

प्रिय वृंदा,

या महिन्यात तुला तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर नाही. पहिल्या पत्रात मी रागावले होते, दुसऱ्यात क्षमा मागितली होती आणि तिसऱ्यात केवळ बुचाच्या झाडाबद्दल लिहिले होते, म्हणजे उत्तर देणे तुला सोपे जावे.

आईचे पत्र आले आहे. बदलापूरच्या कोणीतरी तिला सांगितले, की तू महिनाभर घराबाहेर पडलेली नाहीस. मी काय समजू? परीक्षा झाली की मला इंदूरला ताईच्या बाळंतपणाला जायचे आहे, त्यामुळे मे महिन्यातही भेट व्हायची नाही. रेक्टरबाई खाटेबद्दल विचारू लागल्या आहेत. जूनच्या दहा तारखेच्या आत होकार न आल्यास त्या ती साताऱ्याच्या एका मुलीला देणार आहेत.

एक ओळ लिही. बोरू जाड असला तरी चालेल.

कुमुदिनी

*

कुळगाव
२० एप्रिल १९५२

प्रिय कुमुदिनी,

बोरू जुनाच होता.

हे पत्र मी रोज थोडे थोडे लिहिते आहे. पानावर चारच ओळी मावतील एवढे मोठे अक्षर काढते, म्हणजे डोळ्यांना ताण पडत नाही. तुझी तिन्ही पत्रे मिळाली. ती वाचायला मनाई होती, आणि अप्पांना वाचून दाखवायला सांगण्याचा संकोच वाटला. आता डॉक्टरांनी दिवसातून थोडा वेळ सूट दिली आहे, तेव्हा आधी तीच वाचली.

मार्चच्या आरंभी, चंडनंतरच्या गुरुवारी, अर्ज वाचता वाचता अक्षरे पाण्यात पडल्यासारखी हलू लागली. मी तशीच वाचत राहिले. मग दिसेनासे झाले. कोंडाजीने मला घरी पोचवले. डॉक्टर म्हणाले, ताण आहे, डोळे गेलेले नाहीत; पण महिनाभर पुस्तक, कागद, सुई काही नको. डोळ्यांवर ओले फडके ठेवून मी ओटीवर पडून होते. डोळ्यांपेक्षा काळजी होती ती त्या ढिगाऱ्याची. मी नाही, म्हणजे सगळे थांबले असणार. दर गुरुवारी देवीबाई रिकाम्या टेबलाशी येऊन जात असणार, हेच सारखे मनात येई.

रामनवमीला बकुळाबाई भेटायला आल्या. भाच्याचा स्वेटर संपला होता, तो दाखवायला आणला होता. मी विचारले, “कचेरी बंद आहे का?”

त्या म्हणाल्या, “बंद कशाला? तुझा ढीग संपला की.”

मला वाटले, माझे मन राखायला म्हणताहेत. “कोणी वाचले?”

“कोणी नाही वाचले. तू पडलीस त्याच्या पुढच्या गुरुवारी बायका आल्या. आता यांना काय सांगायचं, म्हणून मी व्हरांड्यात जाऊन बसले. तुझी देवीबाई पुढं आली. मी म्हटलं, बाई, तुझा कागद वाचणारी आजारी आहे, तूच सांग त्यात काय लिहिलंय. तिनं हिंदीत सांगितलं, मी मराठीत लिहून घेतलं. मागची पुढं सरकली. कमळाकरही येऊन बसले. कोडं सुटत नव्हतं म्हणे.”

मी म्हटले, “पण अर्जात तसेच लिहिले आहे, हे कशावरून? खोटे सांगितले तर?”

त्या हसल्या. “अगं, खोटं सांगायचं असतं तर लिहितानाच नसतं का लिहवलं? आणि घरी जाऊन चौकशी करणं हेच तर माझं काम. दोन महिने ते करायला कुठं मिळालं होतं?”

कुमुदिनी, त्या बायकांपैकी बहुतेकींना लिहिता येत नाही. बाजारातल्या एका लिहिणाऱ्याकडून त्या अर्ज लिहवून घेत. म्हणजे त्या बोलल्या, त्याने सिंधीत लिहिले, ते मी वाचले आणि मराठीत लिहिले. आणि हे सगळे चालू असताना त्या बायका माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. मी त्यांना काही विचारले नाही. मला कागद वाचता येत होता.

बकुळाबाई गेल्यावर मी खूप रडले. डॉक्टरांनी रडायलाही मनाई केली होती. मला नक्की कशाचे वाईट वाटले, हे मी स्वतःला अनेक वेळा विचारले आहे. ढीग संपला याचा आनंद व्हायला हवा होता.

तुझ्या बाबांना सांग, आमच्याकडचे कागद फुगले नाहीत. पण ज्या बायका पुन्हा आल्या नाहीत, त्यांचे पत्ते इतरांना विचारून बकुळाबाई घरोघर गेल्या, तेव्हा काही दारांना कुलूप होते. वाट पाहून कंटाळलेल्या बायका कॅम्प सोडून कुठे कुठे निघून गेल्या आहेत. शेडमधल्या कित्येक यंत्रांची चाके गंजून फिरेनाशी झाली आहेत. त्यांनी विचारले होते ना, टाकून द्यावे लागते ते काय?

वृंदा

*

इंदूर
१२ मे १९५२

प्रिय वृंदा,

तुझ्या पत्राची पाने मोजली नाहीत. पण पाकीट एवढे जाड होते, की ताईला वाटले, बाळासाठी काही आले. ताईला मुलगी झाली.

मी पत्र पुन्हा पुन्हा वाचले. तुला धीर द्यावा, असे मनात होते. पण तुला ते आवडणार नाही. म्हणून एवढेच लिहिते, की बोरूची गोष्ट मला तेव्हाच खोटी वाटली होती आणि तरीही मी खाटेचे आणि झाडाचे लिहीत बसले. त्याच वेळी गाडीत बसून यायला हवे होते.

आता डोळे कसे आहेत? कॉलेजचे वाचन झेपेल का, हे डॉक्टरांना विचारलेस का? जूनची दहा तारीख लक्षात ठेव. तू नको म्हणालीस तर मी रेक्टरबाईंना नको म्हणून कळवीन. मात्र तसे तू स्वतःच्या तोंडाने म्हण. न बोलता राहू नकोस.

तुझी,
कुमुदिनी

*

कुळगाव
४ जून १९५२

प्रिय कुमुदिनी,

काल मी कॅम्पात जाऊन आले. राजीनामा द्यायचा होता. तो पिशवीत घालून गेले आणि दिवसभर तिथेच राहिले, म्हणून तुला सांगण्यासारखे पुष्कळ आहे.

आता अर्ज रोज घेतात. चंडनंतर गर्दी झालीच, तर अण्णासाहेब स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. माझ्या टेबलावर कोंडाजी पाण्याचा माठ ठेवू लागला आहे. मला पाहून त्याने तो घाईघाईने उचलला. मी म्हटले, राहू दे.

अण्णासाहेबांना माझ्याविषयी खरोखरच वाईट वाटते. त्यांनी मला बसवून घेतले, डोळ्यांची चौकशी केली आणि म्हणाले, “तुझ्यावर फार भार पडला. आता तसं होणार नाही. बकुळाबाई आणि कमळाकर लिहून घेतील. तू फक्त ते सगळं एकदा मूळ अर्जाशी ताडून पाहायचं. शेवटी तुझी नजर फिरल्याशिवाय मला खात्री वाटायची नाही.”

कुमुदिनी, तुला खरे सांगते, त्या क्षणी माझ्या तोंडात ‘हो’ आला होता. ‘तुझी नजर’ हे शब्द ऐकले आणि मला पहिल्या दिवसाचे ते वाक्य आठवले. कमळाकरांनी लेखणी थांबवली. बकुळाबाई माझ्याकडे न पाहता नव्या स्वेटरचे टाके मोजत होत्या, आणि त्या चुकीचे मोजत होत्या, हे मला ऐकू येत होते.

मी म्हटले, “मग सगळे पुन्हा माझ्याच टेबलावर येईल.”

“तपासायलाच तर यायचं,” ते म्हणाले.

“तपासायला आले तरी ते तिथेच थांबेल. मला जमणार नाही, अण्णासाहेब.”

आवाज अगदी लहान आला. त्यांना ऐकू गेला नाही, म्हणून दुसऱ्यांदा म्हणावे लागले. दुसऱ्यांदा म्हणणे अधिक कठीण गेले. मग ते म्हणाले, “असं कोणी आजवर मला तोंडावर म्हटलं नव्हतं,” आणि राजीनाम्याचा कागद घेऊन त्यांनी तो टेबलाच्या खणात ठेवला. ते रागावले की थकले, ते मला कळले नाही. मीही थकले होते.

निघताना देवीबाईंकडे गेले. बराकीच्या दाराशी त्यांचे यंत्र मांडले होते. गंजलेल्यांपैकीच ते एक. रॉकेलने धुऊन, खोबरेल पाजून त्यांनी आणि शेजारणीने मिळून चाक मोकळे केले आहे. फिरताना अजून कुरकुरते. मी उभीच राहिले. शेवटी विचारले, “आपका कागज बहुत दिन नीचे रहा. आप गुस्सा नहीं हुईं?”

त्या म्हणाल्या, “तेरे ऊपर क्या गुस्सा? तू तो खुद उसके नीचे थी.”

मग त्यांनी माझे माप न घेता, नुसते बघून, पुस्तकांसाठी एक पिशवी बेतली. या वेळी मी नाही म्हटले नाही. पापडही खाल्ला.

डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली आहे; पण दिवसाउजेडी, थोडे थोडे, आणि मध्ये मध्ये डोळे मिटून. कॉलेजचे वाचन त्याने पुरे होणार नाही. म्हणून या वर्षीही राहावे, असे आईचे मत पडले. अप्पांनी माझ्यावर सोडले. मी दोन दिवस विचार केला आणि मला एकच उपाय सुचला. तो तुला विचारायला मला फार संकोच वाटतो आहे, पण तू लिहिलेस, स्वतःच्या तोंडाने म्हण.

रेक्टरबाईंना सांग, मी येते आहे. खिडकीकडची खाट तू घे. तुला उजेड लागेल. संध्याकाळी तू मला वाचून दाखव. मी डोळे मिटून ऐकेन, आणि समजले नाही तर तुला थांबवून विचारीन.

तुझी,
वृंदा